साधा पत्ता द्यायला काय जातं?

कराडची एक मुलगी, वय तेवीस, २०२४ च्या हिवाळी सत्रासाठी जर्मनीत आखनला मास्टर्स करायला आली आणि पहिले नऊ आठवडे ड्युसेलडॉर्फला आईच्या मामेबहिणीच्या दिराकडे राहिली. प्रकरण एवढंच. पोलीस आले नाहीत, कुणी घर सोडून गेलं नाही, पासपोर्ट हरवला नाही. तरीही त्या नऊ आठवड्यांत कराड, कोल्हापूर आणि ड्युसेलडॉर्फ अशा तीन घरांत मिळून जेवढं रडणं आणि फोन आपटणं झालं, ते पाहता हे नीट लिहून ठेवावंसं वाटलं. मी २००६ साली इथे शिकायला आले आणि राहिले. नव्या मुलांना कागदपत्रांत मदत करते, त्यामुळे दर ऑक्टोबरात असा एखादा फोन येतोच. हा मजकूर दोन्ही घरांना वाचायला दिला होता. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावं मुद्दाम घातलेली नाहीत. नात्यांनीच काम भागतं.

नातं नेमकं काय

मुलीच्या आईची मामेबहीण कोल्हापूरला दिलेली. तिला आपण कोल्हापूरची मावशी म्हणू. तिचा धाकटा दीर वीस वर्षांपासून जर्मनीत. तो मुलीचा कोण? मराठीत या नात्याला शब्द नाही, म्हणजे ते नातं नाही असं नव्हे. लग्नपत्रिका द्यावी लागते एवढं ते आहे. मुलगी त्याला काका म्हणते, त्याच्या बायकोला काकू. याआधी भेट एकदाच, २०११ साली एका लग्नात. तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि आइस्क्रीमच्या रांगेत होती.

पण एक जुना धागा होता. काका १९९४ ते ९८ कराडच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले. मूळचे कोल्हापूरचे, राहायला हॉस्टेलवर. मुलीचं आजोळ कराडचंच, त्यामुळे ते तिच्या आजीकडे जेवायला जायचे. किती वेळा, यावर दोन मतं आहेत. मुलीची आई म्हणते, चार वर्षं दर रविवारी. काका म्हणतात, सणावाराला जायचो, आणि परीक्षेच्या आधी एकदोनदा. दोघंही खोटं बोलत नाहीत. वाढणाऱ्याची आणि जेवणाऱ्याची मोजणी कधीच जुळत नाही.

निरोप कसा गेला

आखनमध्ये विद्यार्थ्यांना खोली मिळणं किती कठीण आहे हे तिथे शिकलेल्या कुणालाही विचारा. वसतिगृहाची प्रतीक्षायादी लांबलचक. वेगेमध्ये, म्हणजे चारपाच जण भाडं वाटून राहतात त्या घरात, जागा हवी तर आधी मुलाखत. ती कराडहून व्हिडिओ कॉलवर द्यायची, तर घरातले म्हणतात, आम्हाला प्रत्यक्ष भेटलेला माणूस हवा. मुलीनं जुलै-ऑगस्टमध्ये साठेक संदेश पाठवले, उत्तरं चार आली, चारही नकाराची. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी वर्षभराचा खर्च आधीच भरून ठेवावा लागतो त्या खात्यात, त्या वेळच्या नियमाप्रमाणे ११,२०८ युरो भरले होते. म्हणजे दहा लाखांवर रुपये, बहुतेक कर्जाचे, आणि त्यातून महिन्याला ९३४ युरोच हाती येणार. महिनाभर हॉटेलात राहणं शक्यच नव्हतं.

मग आईनं कोल्हापूरला फोन लावला. मावशीनं ड्युसेलडॉर्फला. आणि इथे, माझ्या मते, सगळं बिनसलं. मावशीनं दिराला सांगितलं, "चार-आठ दिवस राहील पोरगी, तोवर खोली मिळेलच." आणि बहिणीला सांगितलं, "मोठं घर आहे त्यांचं, खोली मिळेपर्यंत काही चिंता करू नकोस." मोठं घर म्हणजे भाड्याचा तीन खोल्यांचा फ्लॅट. दोन मुलं, एक अकरा वर्षांचा, एक सात वर्षांची. मावशीनं तो फ्लॅट फक्त फोटोत पाहिला होता, आणि फोटोत बाल्कनी होती.

मावशीला मी दोष देत नाही असं लिहिणार होते. पण थोडा देते. दोन्हीकडे गोड बोलून तिनं स्वतःचं मोठेपण सांभाळलं आणि फरक निस्तरायला तेवीस वर्षांच्या मुलीला पाठवलं.

पहिले काही आठवडे

ती २६ सप्टेंबरला, गुरुवारी उतरली. काका विमानतळावर घ्यायला आले होते. येताना बॅगेत आईनं काकांसाठी चार किलो सामान घातलं होतं: मेतकूट, कांदा-लसूण मसाला, भडंग, मुलांना कापडी टोप्या. मसाल्याचं पाकीट फुटलं होतं. काकू सांगतात की त्या वासानं काका पार्किंगमध्ये दोन मिनिटं काही बोललेच नाहीत.

मुलीची गादी धाकटीच्या खोलीत टाकली. धाकटी खूश. ती मुलीला ताई म्हणायला लागली आणि तिच्याशी जर्मनच बोलायची. मुलीचं जर्मन तिच्यापेक्षा कच्चं, त्यामुळे शिकवणी फुकटात सुरू झाली.

ऑक्टोबरात वर्ग सुरू झाले. ड्युसेलडॉर्फहून आखन, आरई चार ही प्रादेशिक गाडी, म्योन्शेनग्लाडबाखवरून, जाताना दीड तास आणि येताना दीड तास, तोही गाडी वेळेवर असली तर. सत्राच्या शुल्कातच येणारं तिकीट या गाड्यांना चालतं, आयसीई या वेगवान गाडीला नाही. सकाळी सव्वासहाला निघायचं, संध्याकाळी आठला परत. यातलं कराडला काहीच कळवलेलं नव्हतं. "छान आहे, गाडीत अभ्यास होतो," एवढंच.

घरात मात्र लहान लहान गोष्टी साचत होत्या. मुलीनं आणि काकूंनी त्या मला वेगवेगळ्या सांगितल्या, म्हणून शेजारी शेजारी ठेवते.

मुलगी जेवण झालं की उठून सगळ्यांची भांडी हातानं घासायची. आईनं बजावलं होतं, कुणाच्या घरी बसून खायचं नाही. काकूंना ते बघवेना, कारण डिशवॉशर रिकामं आणि गरम पाणी मात्र अर्धा तास धो धो. पण पाहुण्या मुलीला "भांडी घासू नकोस" हे पाणी वाचवण्यासाठी सांगायचं कसं? सांगितलं तर ते कौतुक वाटणार, आणि ती आणखी जोमानं घासणार. तसंच झालं.

मुलीला थंडी वाजायची, म्हणून ती खिडकी बंद ठेवायची. इथे हिवाळ्यातसुद्धा दिवसातून दोनतीनदा खिडक्या पाच मिनिटं सताड उघडून हवा बदलावी लागते, नाहीतर भिंतीला बुरशी धरते आणि घरमालक भाडेकरूला जबाबदार धरू शकतो. काकू शाळेतून धाकटीला घेऊन आल्या की आधी ती खिडकी उघडायच्या. मुलीनं ते पाहिलं आणि तिला वाटलं, आपल्या अंगाला वास येतो म्हणून उघडतात. दोन आठवडे ती अत्तर लावून झोपत होती. हे ऐकून काकू रडल्या होत्या.

आणि आईचा फोन. आई सकाळची कामं उरकून साडेनऊला फोन करायची. तेव्हा इथे सहा वाजलेले. मुलगी निघायच्या गडबडीत, शेजारी धाकटी झोपलेली. २७ ऑक्टोबरला इथली घड्याळं एक तास मागे गेली, फरक साडेतीनाचा साडेचार तास झाला. आईच्या घड्याळात काहीच बदललं नव्हतं. फोन पहाटे पाचला वाजायला लागला.

याच काळात मुलीनं एका पाकिटात दीडशे युरो घालून काकूंच्या हातात दिले. काकूंनी ते परत तिच्या बॅगेत ठेवले. तिनं फ्रिजवर ठेवले. ते परत बॅगेत. हा खेळ चार वेळा झाल्यावर काकूंनी तिला बसवलं आणि जे म्हटलं ते या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं: "पाहुणी म्हणून राहिलीस तर मला रोज दोन भाज्या कराव्या लागतात. भाडेकरू म्हणून राहिलीस तर वही घालावी लागेल. मला दोन्ही झेपत नाही. तू तिसरं काहीतरी हो." ठरलं असं की शनिवारचं सामान मुलगी आणणार, स्वतःच्या पैशानं, आणि बाटल्या परत करून मशिनमधून जी पावती निघते तीही तिचीच. प्लॅस्टिकच्या बाटलीला २५ सेंट. आठवड्याला दोनतीन युरो सुटायचे. ती म्हणते, जर्मनीतली पहिली कमाई.

पत्त्याचा प्रश्न

आता मूळ भांडण. त्यासाठी इथला एक नियम समजून घ्यायला हवा, कारण आपल्याकडे त्याला जोड नाही.

जर्मनीत नव्या घरी राहायला गेलं की दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंद करायची. आनमेल्डुंग. त्यासाठी जागा देणाऱ्याचं सहीचं पत्र लागतं, ज्याचं जर्मन नाव एका दमात म्हणता येणारे लोक मी फार पाहिले नाहीत. ही नोंद झाली की कर-क्रमांक टपालानं येतो, तोही लेटरबॉक्सवर तुमचं आडनाव असेल तर. नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. विद्यार्थ्याचा व्हिसा संपायच्या आत राहण्याचा परवाना काढायचा असतो, तो अर्जही ज्या शहरात नोंद तिथल्याच कार्यालयात. थोडक्यात, पत्ता नसलेला माणूस इथे कागदावर जन्मलेलाच नसतो.

काकांनी पहिल्या दोन आठवड्यांतच हे सगळं रीतसर केलं होतं. इमारत सांभाळणाऱ्या कंपनीला मेल टाकली की घरात एक माणूस वाढतंय. उत्तर आलं, हरकत नाही, पण पाणी-कचऱ्याचा आकार माणशी असल्यानं ऑक्टोबरपासून पाच जणांचा लागेल. काकांनी तो मुकाट्यानं भरला. लेटरबॉक्सवरच्या पट्टीखाली दुसरी पट्टी चिकटवली, तिच्यावर मुलीचं आडनाव. नोंदीनंतर काही दिवसांत तिच्या नावानं रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र आलं; घरटी महिना १८.३६ युरो. कराडला त्याचा फोटो गेला आणि तिथे ती "सरकारी नोटीस" झाली. शुल्क माणशी नसून घराला असतं आणि ते काका भरतच होते. त्यांचा क्रमांक कळवला की काम संपतं. पण आई ती रात्र झोपली नाही.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात मुलीला आखनमध्ये जागा मिळाली. एका वर्गमित्राच्या ओळखीनं, दोन मुलींच्या खोलीत तिसरी गादी, महिना अडीचशे युरो. अट एकच, तिथे नोंद करता येणार नाही. अशा जागा पुष्कळ असतात. मुलीनं काकांना विचारलं, मी आखनला राहते, नोंद मात्र इथेच राहू दे का?

काका म्हणाले, "नाही जमणार." आणि ताटातलं जेवत राहिले.

माझा काकांवरचा आक्षेप इथे आहे. उत्तर बरोबर होतं, पण ते दोन शब्दांचं नको होतं. जर्मनीत वीस वर्षं राहिलेल्या माणसाचं मराठी आखूड होत जातं. माझंही झालं आहे. इथे "गेट निश्ट", म्हणजे "जमत नाही", म्हटलं की माणसं मान हलवून पुढच्या विषयाकडे वळतात. कराडच्या मुलीच्या कानाला ते दार लावल्यासारखं वाटतं.

नियम असा: १ नोव्हेंबर २०१५ पासून लागू असलेल्या नोंदणी कायद्यात, कुणी प्रत्यक्ष राहत नसताना किंवा राहायचं नसताना त्याला नोंदीसाठी पत्ता पुरवणं हा दंडनीय प्रकार आहे. दंड ५०,००० युरोपर्यंत होऊ शकतो. तितका क्वचितच होत असेल, पण काकांचा नागरिकत्वाचा अर्ज तेव्हा प्रक्रियेत होता, आणि अशा वेळी माणूस लाल सिग्नलला रिकामा रस्तासुद्धा ओलांडत नाही. हे त्यांनी मुलीला सांगितलं नाही. "तिला उगाच ओझं कशाला," असं त्यांचं म्हणणं.

मुलीनं आईला सांगितलं, काका नाही म्हणाले. आईनं मावशीला. मावशीनं कुटुंबाच्या ग्रुपवर काही लिहिलं नाही हे तिचं पुण्य, पण दिराला फोन केला: "अहो, साधा पत्ता द्यायला काय जातं? आमच्या इथे चार बिऱ्हाडांची रेशनकार्डं एका पत्त्यावर आहेत!" आणि जाता जाता, "चार वर्षं जेवलात त्यांच्याकडे."

रविवारचं जेवण काढलं गेलं, तेव्हा काका बिथरले. काकू म्हणतात, फोन ठेवल्यावर त्यांनी कपाटात नसलेलं काहीतरी शोधायला घेतलं. मुलीला हे सगळं धाकटीकडून कळलं, जर्मनमध्ये: बाबा तुझ्यावर रागावलाय, कारण तुझी आजी त्याला जेवण द्यायची.

पुढचे दोन दिवस ती मेन्झात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, जेवून रात्री साडेनऊला घरी यायला लागली. तिसऱ्या दिवशी तिचा मला पहिला मेसेज आला. त्यात काका-काकूंचा उल्लेखच नव्हता. "मॅडम, नोंद न करता किती दिवस राहता येतं?"

एक नोव्हेंबर

मी तिला कायदा सांगितला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग ते असं का नाही म्हणाले?" मी म्हटलं, त्यांना विचार. ती म्हणाली, आता कसं विचारू.

मी सुचवलेली गोष्ट एकच होती, आणि तीही माझी हुशारी नव्हे, वीस वर्षं मार खाऊन आलेली सवय आहे. एक फोन, त्यावर तीनच माणसं: मुलगी, आई, काका. कोल्हापूर नाही. मावशीला वगळायचं म्हणजे तिचा अपमान, असं मुलीला वाटत होतं. मी म्हटलं, मावशीला नंतर सांगू. आता तिच्यामार्फत काहीच सांगायचं नाही.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला, शुक्रवारी होतं. योगायोग असा की नॉर्थ राइन-वेस्टफालियात तो दिवस सुट्टीचा, सर्व संतांचा. दुकानं बंद, रस्ते सुनसान, लोक फुलं घेऊन कबरस्तानात जातात. त्या शांततेत काकूंच्या स्वयंपाकघरात चकल्या तळणं चालू होतं आणि सगळे जण खिडक्या उघडून बसले होते. मुलीनं तिथेच फोन लावला आणि तो उभा करून मसाल्याच्या डब्याला टेकवला.

आईनं सुरुवात "अहो, नमस्कार" अशी केली. लक्षात घ्या, काका तिच्याहून दोन वर्षांनी लहान, कराडला असताना ती त्याला "अरे" म्हणायची. ते "अहो" काकांना लागलं असं ते नंतर म्हणाले. त्यांनी दंडाचं सांगितलं, नागरिकत्वाच्या अर्जाचं सांगितलं. आईनं रोजच्या तीन तासांच्या प्रवासाचं त्याच फोनवर पहिल्यांदा ऐकलं आणि ती मुलीवर भडकली, ते एक बरं झालं. निदान राग योग्य पत्त्यावर पोहोचला. मग काकांनी विचारलं, "ताई, मी खरंच दर रविवारी यायचो?"

आईनं मागे वळून आजीला विचारलं. आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची, तिला कमी ऐकू येतं. दोनदा ओरडून विचारावं लागलं. आजीला रविवार काही आठवले नाहीत. ती म्हणाली, "तो दोडका खायचा नाही. ताटाखाली लपवायचा."

काका हसायला लागले. काकू वळून बघायला लागल्या, कारण लग्नाला अठरा वर्षं झाली आणि दोडक्याचा विषय त्यांच्या घरात कधी निघालाच नव्हता. तो इथे मिळतोच कुठे. आईच्या तोंडून निघालं, "अरे, तुला आठवतंय का, एकदा ताट उचललं आणि…" पुढचं मुलीला नीट ऐकू आलं नाही, कारण दोघं एकदम बोलत होते.

त्या फोनवर तीन गोष्टी ठरल्या. मुलगी नोंद करता येईल अशी खोली मिळेपर्यंत ड्युसेलडॉर्फलाच राहील, मात्र आठवड्यातले दोन दिवस, उशिरा वर्ग असतील तेव्हा, आखनला मैत्रिणीकडे झोपेल. मुक्कामाला जाणं वेगळं, घर बदलणं वेगळं. त्याला कायद्याची आडकाठी नाही. आईचा फोन रविवारी, इथल्या सकाळी अकराला. तिसरी गोष्ट काकूंनी तळता तळता मध्येच घातली: भांडी मशिनमध्ये.

नंतर

खोली १ डिसेंबरपासून मिळाली. सत्र संपेपर्यंतच, एका जर्मन मुलीची, जी सहा महिने स्पेनला चालली होती. भाडं सगळं धरून ३९० युरो, नोंद चालेल. ती खोली कशी मिळाली हे सांगण्यासारखं आहे: वेगेच्या मुलाखतीला काकू बरोबर गेल्या होत्या. तिकडच्या मुलांना ते जरा विचित्रच वाटलं, पण काकूंचं जर्मन ऐकून त्यांची भीड चेपली आणि डब्यातल्या चकल्यांनी बाकीचं काम केलं. मुलगी म्हणते चकल्यांमुळे मिळाली. काकू म्हणतात, मीच अर्धा तास बोलत होते.

सामान काकांनी गाडीतून सोडलं. परवान्याचा अर्ज मग आखनलाच केला. ड्युसेलडॉर्फच्या पत्त्यावर तिची पत्रं फेब्रुवारीपर्यंत येत राहिली, त्यामुळे लेटरबॉक्सवरची पट्टी कुणी काढली नाही. ती दीडदोन महिन्यांतून एकदा त्यांच्याकडे जाते, आधी मेसेज करून, कारण शनिवारी अकरा वर्षांच्या भावाची फुटबॉलची मॅच असते आणि त्या घरात आता तिचाही विचार कॅलेंडर बघून होतो. आईला हे सुरुवातीला खटकलं. आपल्या माणसाकडे जायला वेळ कसली घ्यायची? मुलीनं तिला समजावायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला.

गेल्या उन्हाळ्यात कोल्हापूरच्या मावशीचा दिराला पुन्हा फोन आला. तिच्या नणंदेच्या पुतण्याला डॉर्टमुंडला प्रवेश मिळाला होता. चार-आठ दिवसांचाच प्रश्न आहे, खोली मिळेलच. काकांनी या वेळी हो किंवा नाही काहीच म्हटलं नाही, फक्त मुलाचा नंबर मागितला आणि तो आखनला पाठवून दिला: "तू आधी बोल."

मुलीनं त्याला केलेला पहिला मेसेज तिनं मला दाखवला. नमस्कार, अभिनंदन, आणि मग: "झोपायला जागा हवी आहे की नोंदीला पत्ता हवा आहे? दोन्ही वेगळं असतं. आणि दोडका खातोस का?"